साक्षीदार आहेत तोवर

चाळिशीतल्या माणसाची तपासणी करायला बसलेला डॉक्टर त्याच्या लहानपणाबद्दल इतकं का विचारतो, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला उमगत नाही. आपण सांगायला गेलेलो असतो ते भलतंच. ऑफिसात पुन्हा मेमो मिळाला. लाइट बिल हातात पैसे असूनही राहून जातं. बायको म्हणते, तुम्ही ऐकतच नाही. चार माणसांत अर्धा तास बसलं की डोकं भणभणायला लागतं. डॉक्टर हे सगळं उतरवून घेतात आणि मग विचारतात, ‘बरं, तिसरी-चौथीत असताना काय व्हायचं?’

यात डॉक्टरांचा विक्षिप्तपणा नाही. एडीएचडी, ऑटिझम किंवा डिस्लेक्सिया पस्तिसाव्या वर्षी नव्याने जडत नाही. ते जन्मापासूनचं असतं, कळतं उशिरा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचं जे निदानपुस्तक जगभर वापरलं जातं, त्याच्या २०१३च्या आवृत्तीत एडीएचडीसाठी अट अशी आहे, की लक्षणांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असली पाहिजेत. आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षं होती. प्रौढांना एका गटातल्या नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात, एवढी सूट मिळाली. पण लहानपण सुटलं नाही. ऑटिझमचंही तसंच. खुणा अगदी सुरुवातीच्या वर्षांतल्या हव्यात, मग त्या तेव्हा कुणाच्या लक्षात आल्या नसल्या तरी चालेल. नेदरलँड्समध्ये तयार झालेली ‘दिवा’ नावाची मुलाखत प्रौढांच्या एडीएचडीसाठी बरीच वापरात आहे. तिच्यात अठराही लक्षणं दोनदा विचारतात, एकदा आजची आणि एकदा पाच ते बारा या वयातली.

म्हणजे निदान आजचं, पण पुरावा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा. आणि तो पुरावा ज्यांच्याकडे आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे पुस्तक घाईने काढावंसं वाटलं त्याचं कारण हे.

काळाचौकी, घोडपदेव, चिंचपोकळी, लालबाग एवढ्या पट्ट्यातल्या ज्या स्त्री-पुरुषांनी वयाच्या तिशीनंतर ही तपासणी करून घेतली, किंवा करायला निघून मध्येच सोडून दिली, त्यांची कथनं पुढे आहेत. नावं दिलेली नाहीत. वस्ती लहान आहे आणि लग्नं व्हायची आहेत. मी डॉक्टर नाही. याच वस्तीत वाढलो आणि लोकांबरोबर फॉर्म भरायला, केसपेपर काढायला, रांगेत उभं राहायला जात आलो, एवढ्याच अधिकारावर ही प्रस्तावना लिहितो आहे.

गिरणगावात या विषयाला वेगळी पार्श्वभूमी आहे. ती सांगितल्याशिवाय पुढची कथनं कळायची नाहीत.

आमच्या वडिलांच्या पिढीचं घड्याळ भिंतीवर नव्हतं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा घेऊन निघायचं. पाळी ठरलेली, खातं ठरलेलं, साचा ठरलेला. ज्याला वेळेचा अंदाज येत नाही, एक काम सुरू केलं की दुसरं आठवत नाही, त्याचं भान सबंध वस्ती मिळून सांभाळत होती. साचे खात्यात आवाज इतका, की बोलायचं ते खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून. ज्याला चार माणसांत बोलणं सुचत नाही, तो तिथे वेगळा पडण्याचं कारण नव्हतं. इंडिया युनायटेडची दोन आणि तीन नंबरची गिरणी काळाचौकीतच. तिच्या आवारात आता वस्त्रोद्योगाचं संग्रहालय व्हायचं आहे. त्या खात्यांमध्ये कितीजण आज ज्याला ऑटिझम म्हणतात तसे होते, हे कुणीच मोजलेलं नाही आणि आता मोजता येणारही नाही. पण आपला साचा सोडून दुसऱ्यावर बसायला मरेपर्यंत तयार नसलेला, डबा रोज त्याच जागी ठेवणारा, सुताचे काउंट तोंडपाठ असलेला आणि लग्नात मात्र मांडवाबाहेर उभा राहणारा एखादा काका कुणाच्या नात्यात नव्हता?

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते इथे उगाळत नाही. मला हवं आहे ते एवढंच, की भोंगा बंद झाला. पुढच्या पिढीला मिळाली ती कामं म्हणजे कुरिअर, विमा, सेल्स, कॉल सेंटर, बँकेतलं काउंटर. वेळ स्वतः आखायची, दहा कामं एकदम डोक्यात ठेवायची, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचं मन ओळखायचं आणि वर हसायचं. बापाला जे कधी नडलं नाही ते पोराला नडायला लागलं.

चाळीचंही तसंच. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं असली की कुणी ना कुणी आठवण करतंच. पाणी आलं, गॅस बंद कर, किल्ली घेतलीस का? विसरभोळा माणूस दिवसभर इतरांच्या आठवणीवर चालतो. तोच माणूस पुढे विरारला किंवा डोंबिवलीला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये नवराबायको आणि एक मूल असा राहायला गेला, की सहा महिन्यांत घरात भांडणं सुरू होतात. पुढच्या कथनांपैकी निम्म्याहून अधिक या टप्प्यावर सुरू होतात, हा योगायोग नाही असं माझं मत आहे. म्हणून चाळ फार उदार होती असंही कुणी समजू नये. सांभाळून घेणं आणि टवाळी करणं ही दोन्ही कामं तीच गॅलरी करत होती. वेंधळ्या पोराने किती मार खाल्ला याचा हिशेब कुठल्याच गिरणीच्या वहीत नाही.

आता पुराव्याकडे येतो. पुरावा दोन प्रकारचा, कागदाचा आणि माणसांचा.

कागद माळ्यावर असतात. पत्र्याच्या ट्रंकेत, गावच्या सातबाऱ्याखाली, जुन्या रेशनकार्डाच्या आणि गिरणीच्या पगारचिठ्ठ्यांच्या मध्ये कुठेतरी शाळेची प्रगतिपुस्तकं. गुणांपेक्षा शेवटचा ‘शेरा’ नावाचा रकाना बघावा. ‘वर्गात लक्ष नसते.’ ‘हुशार आहे, परंतु अभ्यास अपूर्ण.’ ‘अक्षर सुधारावे.’ ‘इतरांत मिसळत नाही.’ साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात बाईंनी घाईघाईने लिहिलेली ती अर्धी ओळ तेव्हा आईने वाचून सोडून दिली किंवा तिच्यावरून फटके दिले. तीस वर्षांनी ती तपासणीच्या टेबलावर मोलाची ठरते, कारण ती तेव्हाच लिहिलेली आहे. आज आठवून सांगितलेल्या गोष्टीला आजचा रंग लागतो. त्या ओळीला तो लागलेला नसतो.

आणि नेमके हेच कागद सध्या रद्दीत चालले आहेत. अभ्युदयनगरच्या एकोणपन्नास इमारतींचा, सव्वातीन हजारांहून अधिक घरांचा पुनर्विकास घाटतो आहे. आजूबाजूच्या चाळी तर एकेक करून पडतच आहेत. घर रिकामं करायचं म्हटलं की पहिला बळी माळ्याचा. कपाट नेतात, देव नेतात, प्रगतिपुस्तक कोण नेतो? पुनर्विकासाच्या धावपळीत असलेल्या वाचकाने हे पुस्तक बाजूला ठेवून आधी ट्रंक उघडली तरी चालेल.

माणसांचा पुरावा जास्त अवघड. पुढच्या एका कथनातला प्रसंग मी मुद्दाम इथे आणतो. मुलगा त्रेचाळीस वर्षांचा. आई शहात्तरची, गुडघ्याने अधू, टॅक्सी करून नेलेली. मानसशास्त्रज्ञ बाई विचारतात, ‘लहानपणी वस्तू हरवायचा का?’ आई म्हणते, ‘नाही हो, अगदी गुणी होता.’ ‘सांगितलेलं विसरायचा?’ ‘कधीच नाही.’ ‘एका जागी बसायचा?’ ‘बसायचा की.’ मुलगा शेजारी कपाळाला हात लावून बसलेला. बाई अनुभवी होत्या. त्यांनी प्रश्न बदलला. ‘रेशनवर रॉकेल आणायला कोण जायचं?’ आणि मग आई मोकळी झाली. याला पाठवलं तर कॅन रेशनच्या दुकानातच राहायचा. एकदा रॉकेल मिळालं, कॅनही घेतला, पण वाटेत पतंग तुटला त्याच्यामागे घोडपदेवपर्यंत गेला. मग आम्ही धाकटीला बरोबर पाठवायला लागलो. ती चार वर्षांनी लहान, पण पैसे तिच्याकडे द्यायचो. शाळेच्या छत्र्या? दर पावसाळ्यात दोन. शेवटी गोणपाटाची खोळ करून दिली.

वीस मिनिटांपूर्वी ‘कधीच नाही’ म्हणणारी आई खोटं बोलत नव्हती. दवाखान्यात पोराबद्दल विचारलं म्हणजे त्याच्यावर काहीतरी आळ येणार, असं तिला वाटलं आणि तिने ढाल पुढे केली. म्हणून आईला नेण्याआधी घरी समजावून सांगावं, की तक्रार नोंदवायला चाललेलो नाही. आणि प्रश्न लक्षणांचे विचारू नयेत, कामांचे विचारावेत. नळावर कोण जायचं, दळणाचा डबा कोण आणायचं, पूजेत कोण कुठे बसायचं. मोठी बहीण हयात असेल तर आईपेक्षा तिची साक्ष पुष्कळदा सरस ठरते. तिने त्याचा त्रास सोसलेला असतो, त्यामुळे तिला सगळं आठवतं.

पालकांच्या साक्षीवर हा सबंध विषय उभा आहे, अगदी पहिल्यापासून. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरचा जो लेख लिहिला, त्यातला पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. तपासणीला नेण्याआधी त्याच्या वकील वडिलांनी कॅनर यांना तेहतीस पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं होतं. मुलगा कसा खातो, काय गिरवतो, काय पाठ म्हणतो, सगळं त्यात होतं. लेखातले बारकावे बरेचसे त्या पत्रातले. डोनाल्ड पुढे गावातल्याच बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, जग हिंडला आणि २०२३मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गावाने त्याला सांभाळलं. बँक आजोळच्या माणसांची होती, हेही ध्यानात ठेवावं.

तर साक्षीदार आहेत, कागद सापडले. जायचं कुठे?

इथे आमच्या भागाची गंमत आहे. मुलाला न्यायचं असेल तर काळाचौकीइतकी सोयीची जागा मुंबईत थोडी. परळला १९२९पासूनचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय. शेजारी केईएम. चिंचपोकळी स्टेशनजवळ ना. म. जोशी मार्गावर ‘उम्मीद’, डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली सुरू केलेलं बालविकास केंद्र. शीव आणि नायर रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींची, तपासणी. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६चं. त्याच वर्षी राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती द्यायला सुरुवात केली. देशात हे पहिल्यांदा महाराष्ट्रात झालं आणि त्याचा अभिमान असावा. पण १९९१ साली दहावीला बसलेल्याला त्याचा काय उपयोग? तो आज पन्नाशीत आहे. त्याच्या वेळी ‘ढ’ आणि ‘उनाड’ याखेरीज तिसरा रकाना नव्हता. आणि ‘तारे जमीन पर’ २००७मध्ये आला तेव्हा तो स्वतःच्या मुलाला घेऊन थेटरात बसला होता. सिनेमा पाहून रडलेले बाप मी पाहिले आहेत. मुलासाठी रडतायत असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

कायद्यानेही प्रौढाचा विचार उशिरा आणि अर्धाच केला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत ना ऑटिझम, ना अध्ययन अक्षमता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम आला. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि यादी एकवीसवर गेली. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही त्यात आहेत. एडीएचडी नाही. पुढे २०१८च्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासून द्यायचा असं ठरलं. अठराव्या वर्षीचा आयुष्यभर चालणार होता. ही सगळी मांडणी शाळेत जाणाऱ्या मुलाची होती. ऑटिझमचा दाखला ज्या चाळीस प्रश्नांच्या भारतीय मोजपट्टीवर ठरतो, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली आणि २००९मध्ये बाहेर आली. ती मुख्यतः मुलांवर बेतलेली. नोकरी करणारी, भाषा उत्तम असलेली, वरवर सगळं जमवून घेतलेली चाळीस वर्षांची बाई त्या प्रश्नांत बसत नाही. सत्तरच्या खाली गुण आले की तिला ऑटिझम नाही, असं कागद म्हणतो. इंग्लंडमध्ये २००९ साली ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी वेगळा कायदा झाला. आपल्याकडे प्रौढ अजून मुलाच्या मापाचा शर्ट घालून रांगेत उभा आहे.

त्यामुळे एक घोटाळा फार होतो, तो इथेच सोडवलेला बरा. निदान, दाखला आणि औषध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतो, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेऊन अहवाल देतो. दाखला सरकारी वैद्यकीय मंडळ देतं. औषध फक्त डॉक्टर लिहितो. एडीएचडीचं पक्कं निदान होऊन औषध सुरू झालेल्या माणसाला दिव्यांगाचा दाखला मिळत नाही. ऑटिझमचा दाखला मिळालेल्याला ऑटिझमवरची गोळी मिळत नाही, कारण तशी गोळी नाही. लोक दाखल्याच्या रांगेत उभे राहून निदानाची वाट बघतात आणि शेवटी दोन्ही न घेता परत येतात. ज्याला सरकारी नोकरीतल्या राखीव जागेचा लाभ हवा आहे (चार टक्क्यांपैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून, आणि तोही चाळीस टक्के दिव्यांगत्व असेल तरच) त्याने दाखल्याच्या मागे लागावं. बाकीच्यांना बहुधा निदान पुरतं.

महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत नाममात्र पैशांत केसपेपर निघतो. गर्दी असते, आणि पहिल्या भेटीत तुमच्या वाट्याला दहा मिनिटं आली तर नशीब. आपली कहाणी अर्ध्या पानावर लिहून न्यावी. हाच प्रवास खाजगीत हजारांत जातो आणि तिथेही सगळं एका दिवसात आटोपतं असं नाही. एका बैठकीत, मोबाइलवरच्या वीस प्रश्नांच्या जोरावर अहवाल देणारा कुणी भेटला तर पैसे वाचवून उठावं.

चांगला तपासणारा आधी इतर गोष्टी बाजूला काढतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह. झोप कशी आहे, घोरता का, रात्रपाळी किती वर्षं केली? दारू? नैराश्य? लक्ष न लागण्याची कारणं पुष्कळ आहेत. आमच्याकडे तर दीड तासाचा लोकलचा प्रवास हेही एक. पुढे दोन कथनं अशी आहेत की तपासणीअंती उत्तर ‘नाही’ आलं. एकाला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला, एकीला जुनं नैराश्य. दोघांनाही सुरुवातीला फसल्यासारखं वाटलं. मला ती कथनं या पुस्तकातली सर्वांत उपयोगाची वाटतात. रील बघून स्वतःचं निदान करणाऱ्यांवर आमचे डॉक्टर वैतागतात ते समजू शकतं. पण रील बघून दवाखान्याची पायरी चढलेला माणूस निदान पायरी तरी चढला. आलिया भट यांनी २०२४मध्ये आपल्या एडीएचडीबद्दल मुलाखतीत सांगितल्यावर ‘मलाही दाखवायचंय’ म्हणणाऱ्या मुली वाढल्या, असं मी दोन ठिकाणी ऐकलं. वाढू देत.

चाचण्यांबद्दल थोडं. बुद्धिमापनात आपल्या मातीचा वारसा आहे, हे फार जणांना माहीत नसतं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ म्हणून ती अजून वापरात आहे. दुसरी, मॅलिन यांची, नागपुरात तयार झाली. दोन्हींचा रोख मुलांवर, हे आता सांगायला नको. प्रौढांच्या ऑटिझमसाठी आणि एडीएचडीसाठी ज्या प्रश्नावल्या हाती येतात त्या मूळ इंग्रजी, आणि त्यांतला माणूस वेगळ्या घरात राहतो. त्याला विचारतात, तुम्हाला पार्टीला जायला आवडतं की निवांत वाचत बसायला? काळाचौकीच्या माणसाला पार्टी निवडावी लागत नाही. शेजारची हळद त्याच्या दारातच असते आणि खुर्च्या त्याच्याच घरातून जातात. त्याला आवडतं का, हे आजवर कुणी विचारलेलं नसल्यामुळे तो उत्तर देताना अडखळतो. त्यापेक्षा गणपतीबद्दल विचारावं. ज्या वस्तीत काळाचौकीचा महागणपती, पलीकडे चिंतामणी, त्यापुढे गणेश गल्ली आणि लालबागचा राजा, तिथे आगमनापासून विसर्जनापर्यंत ढोल, ताशा, बँजो आणि डीजे यांच्यातून सुटका नाही. रहिवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा २०००च्या नियमांत आहे, ती नियमांतच राहते. पुढच्या कथनांतला एकजण दरवर्षी त्या दिवसांत ‘गावी गणपती आहे’ म्हणून कोकणात जायचा. गावी त्यांचा गणपती नाही. तो मंडळाचा निष्ठावान कार्यकर्ता होता, वर्गणीचे हिशेब पैशापैशाने लिहायचा. फक्त आवाज सोसवत नव्हता. प्रश्नावलीत तो काठावर होता. या एका गोष्टीवरून तपासणाऱ्याने पुढे खोदलं.

बायकांचं प्रकरण सगळ्यांत मोठं आहे आणि त्याला इथे न्याय देता येणार नाही. मुलगी शांत बसली तर तिला कुणी दवाखान्यात नेत नाही, कौतुक करतात. खिडकीत तंद्री लावून बसणारी, वर्गात त्रास न देणारी, मैत्रिणींच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करून वेळ निभावणारी मुलगी पुढे सासरी येते आणि मग सापडते. डब्याचं झाकण एकीकडे, दूध उतू, पाहुण्यांना पाणी विचारायचं राहिलं, ‘आईने काही शिकवलं नाही का?’ एकीने लिहिलं आहे, की नणंदा बोलत असताना कुठे हसायचं हे ती जावेकडे बघून ठरवायची, आणि रात्री जबडा दुखायचा. पुरुषांच्या विसरण्याला आमच्याकडे ‘त्याचं लक्ष नसतं संसारात’ म्हणून मुभा आहे. बाईचं विसरणं हा तिचा गुन्हा असतो. म्हणूनच बायकांच्या कथनांत माहेरची साक्ष मिळवणं अवघड झालं आहे. ‘आमच्या मुलीत काही खोट नव्हती,’ हे माहेर सहजी सोडत नाही. त्यातून लग्नानंतर अशी तपासणी म्हणजे सासरच्या हातात कोलीत देणं, ही भीती खोटी म्हणता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि आपला वैद्यकीय कागद मागण्याचाही. नवऱ्याला अहवाल द्यायचा की नाही, हे बाईने ठरवायचं.

औषधाबद्दल एकच व्यवहाराची गोष्ट. एडीएचडीवरचं मेथिलफेनिडेट ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधवाला दोन वर्षं जपून ठेवतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते बहुधा नसतं, आणि औषधवाला वरपासून खालपर्यंत बघतो. त्यामुळे घाबरून जाऊ नये.

नोकरीच्या ठिकाणी सांगावं का, याला माझ्याकडे उत्तर नाही. २०१६चा कायदा ‘वाजवी सोयीसुविधा’ द्यायला सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये रविंदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने स्पष्ट भूमिका घेतली. पण लालबागच्या दुकानात किंवा परळच्या टॉवरमधल्या कंपनीत कायदा आणि साहेब यांच्यात साहेब जवळ असतो. कथनांमध्ये सांगून निभावलेले आहेत, तसे सांगून पस्तावलेलेही आहेत. ती जशीच्या तशी ठेवली आहेत.

राहिले ते, ज्यांचे साक्षीदार गेले. आई नाही, वडील नाहीत, चाळ पडली, कागद गेले. त्यांना तपासणी मिळणारच नाही असं नाही. साक्ष नसेल तर तपासणाऱ्याला माणसाच्या स्वतःच्या आठवणींवर आणि आजवरच्या सबंध वाटचालीवर भिस्त ठेवावी लागते. किती नोकऱ्या, का सुटल्या, किती शाळा, कुठले मित्र टिकले. अहवालात शब्द थोडे सावध येतात, इतकंच. पण त्याआधी जरा शोध घ्यावा. गॅलरीतल्या शेजारणी आता बदलापूर, नालासोपारा, गावी अशा पांगल्या आहेत, पण त्यांचे नंबर चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. पुढच्या एका कथनात साक्ष दिली ती समोरच्या खोलीतल्या काकूंनी, सावंतवाडीजवळच्या गावातून, व्हिडिओ कॉलवर. रेंज येत नव्हती म्हणून त्या फोन घेऊन विहिरीपाशी गेल्या आणि पाऊण तास बोलल्या. डॉक्टरांनी सात ओळी लिहून घेतल्या, त्यांतल्या चार अहवालात आहेत.